खो मिळाला, पण पळता आलं नाही

मंडळी, घरी येऊन तासच झाला असेल. कुणाशी बोलावंसं वाटेना, म्हणून इथं लिहितेय.

आज उस्मानपुऱ्यातल्या मैदानावर आमच्या खो-खो संघाची निवड होती. माझ्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं. व्यायाम एक दिवस चुकवला नाही. डॉक्टर म्हणाले होते, खेळ, पण गुडघ्याला आधाराचा ब्रेस घालूनच.

पंचांनी ब्रेस बघितला आणि मान हलवली. "ताई, ह्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या हायेत. दुसऱ्या पोरीला लागलं म्हंजे? काढून खेळा."

त्यांचंही बरोबरच होतं. काढला.

चौकोनात उकिडवी बसले. मागून पाठीवर थाप पडली, "खो!" तो आवाज आला की मी लहानपणापासून विचार न करता उठते. आजही उठले, आणि गुडघा आतल्या आत सरकला. तिथंच मातीत बसले. जिला पकडायचं होतं ती पोरगी माझ्यासमोरून चालत गेली. पळायची गरजच नव्हती तिला.

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला मोटरसायकलवर शेंद्र्याला आणलं. घरी आल्यावर त्यांनी माझे बूट उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. "लई झालं आता, बाई," एवढंच म्हणाले.

ते काढायला स्टुलावर चढावं लागेल. तेवढंही मला जमत नाही.

लिगामेंट तुटल्यावर परत पळालेलं तुमच्यात कुणी आहे का? धीर नका देऊ. फक्त खरं सांगा.