बेडूक पाण्यात पडतो तेव्हा

चौथीच्या माझ्या वर्गात टॅबवर गुणाकाराचा खेळ चालू होता. चार पर्यायांतलं बरोबर उत्तर निवडलं की बेडूक पुढच्या दगडावर उडी मारतो, चुकलं की धप्पकन पाण्यात पडतो. सायलीच्या नावापुढे शेवटी शून्य आलं. वीसच्या वीस उत्तरं चूक. पाढे तर ती घडाघडा म्हणते!

"असं कसं गं?"

"बाई, पडल्यावर तो कसले डोळे फिरवतो! तुम्ही बघा तरी."

म्हणजे दर वेळी बरोबर उत्तर ओळखून तिनं ते टाळलं होतं.

आता माझ्यापुढे भरायचा तक्ता आहे. 'किती शिकली' या रकान्यात शून्य लिहू, की पैकीच्या पैकी? 'किती गोडी लागली' यात काय लिहू? गोडी गुणाकाराची, की बेडकाची? मला तरी भूगोल कुठे आवडायचा? नकाशात निळी पेन्सिल फिरवायला आवडायची. नद्या त्या पेन्सिलीमागून कधी डोक्यात शिरल्या, कुणी मोजलं होतं?

मुलं घरी गेल्यावर मी टॅब उघडला. सात आठे? छप्पन्न समोरच दिसत होतं. मी चोपन्नवर बोट ठेवलं. रिकाम्या वर्गात मी एकटीच खुदकन हसले, आणि पुढचंही चुकवलं.