गेर्लोफच्या डावी-उजवीकडची माणसं

आमच्या स्नेक या डच गावात गेर्लोफ हाझेलहोफ एकतीस वर्षं कालव्यावरचा पूल उचलायचं काम करायचा. शिडाची नाव आली की रस्ता अडायचा, आणि थांबलेल्या सायकलवाल्यांशी तो राजकारण बोलायला लागायचा. पूल खाली आला तरी काही जण हलायचे नाहीत.

त्याची मतं ठाम होती. गायींमुळे प्रदूषण वाढतंय, त्या निम्म्या कराव्यात. राजा असावा, पण त्याने सायकलवर फिरावं. रविवारी दुकानं बंद, मग चर्चला कोणी जावो न जावो. स्वतः तो जात नसे. एवढं बोलून झालं की म्हणायचा, "मी आपला मधला माणूस."

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच निवडणुकीआधी त्याने कॉम्प्युटरवरची ती चाचणी सोडवली, तीस प्रश्नांवरून आपला पक्ष सांगणारी. एकही पक्ष निम्म्याहून जास्त जुळेना. मी शेजारीच राहते. त्याचा आवाज ऐकून डोकावले.

"प्रश्नच चुकीच्या जागेवरून विचारलेत," तो म्हणाला.

"म्हणजे अख्खा देश वाकडा आणि तू एकटा सरळ?" त्याची बायको नीन्के हसली.

"वाकडा नाही गं. त्यांनी मध्य भलतीकडे धरलाय."

मग त्याने जेवणाच्या टेबलावर वॉलपेपरची उरलेली गुंडाळी उलटी पसरली. मधोमध स्वतःचा ठिपका काढला आणि संसदेच्या दीडशे जागा दोन्ही बाजूंना वाटायला बसला. आता आपल्या डावी-उजवीला कोण, हे त्यालाच ठरवायचं होतं. डावीकडचे म्हणणार, एकही गाय नको. उजवीकडचे म्हणणार, पाऊणपट गायी ठेवा. डावीकडचे राजाला पायी चालवणार. उजवीकडचे पावसात त्याला गाडी देणार.

"पाऊस तर रोजच असतो," मी म्हटलं.

"म्हणून तर त्यावर सरकारं पडतील!" तो खुशीत म्हणाला.

नीन्केने विचारलं, "यात मी कुठे बसते?"

त्याने बोट उजवीकडे सरकवत नेलं. कागद संपला, टेबल संपलं. "तू साधारण पडद्यापाशी."

"छान. तिथून खिडकी तरी दिसते."

पुढे त्याने आपल्या या देशासाठी स्वतःचे वीस प्रश्न काढले. मी ते टाइप केले, आणि गुरुवारी सकाळी गावातली माणसं वाचनालयात कॉफीला जमतात, तिथे तो कागदांचा गठ्ठा घेऊन आला. त्याला धरून तेवीस जणांनी उत्तरं लिहिली. गेर्लोफने प्रत्येकाचा ठिपका रेषेवर मांडला. शेवटी बरोब्बर मध्यावर आला ऊट्स, वाम मासे धुरावर भाजून विकणारा. गेर्लोफचा ठिपका जवळजवळ डाव्या टोकाला. त्याच्यापलीकडे फक्त दोन म्हाताऱ्या बहिणी.

त्याने पुन्हा मोजलं. कान लाल झाले होते.

"मला यातलं काही कळत नाही," ऊट्स म्हणाला. "मी सगळीकडे 'थोडंफार' लिहिलं. पंतप्रधान झालो वाटतं?"

नीन्केने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू स्वतःला मधला म्हणवतोस, आणि प्रत्येक प्रश्नाला 'पूर्णपणे' नाहीतर 'कधीच नाही'. मध्यावर इतक्या जोरात कोण उभं राहतं?"

गेर्लोफला जे हसू फुटलं, ते आवरेना. "माझ्याच देशात मी विरोधी पक्षात!"

"मग विरोध कर की," त्या दोन बहिणींपैकी थोरली म्हणाली. "आम्ही आहोत मागे."

तेव्हापासून दर गुरुवारी आमची संसद भरते. ऊट्स सभापतीच्या खुर्चीत बसतो आणि कंटाळा आला की चमच्याने कप वाजवतो. गेर्लोफ आदल्या दिवशी बागेत भाषणाची तयारी करतो. कुंपणापलीकडून मला सगळं ऐकू येतं. एकतीस वर्षं त्याने माणसांना आपलं म्हणणं ऐकवलं होतं. आता त्याला ती वळवावी लागतात, आणि त्यात तो जास्त रमलाय.

मागच्या गुरुवारी रविवारच्या दुकानबंदीवर मतदान झालं. ऊट्सने गेर्लोफच्या बाजूने मत दिलं आणि ठराव बारा विरुद्ध अकरा असा मंजूर झाला. विरोधात पहिला हात नीन्केचा होता. दोघं घरी निघाली तेव्हा तिने त्याच्या गळ्यातला मफलर नीट केला, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दोघं गायींवरून भांडत होती.