सरांचा नवा गुडघा

सरांनी मला चालायला शिकवलं. हे ऐकून लोक विचारतात, लहानपणी का? नाही हो, सतरा वर्षांचा घोडा होतो. मोर्शीकडून अमरावतीला अकरावीत आलो. आमच्याकडे अकरावीलाही कॉलेजच म्हणतात, म्हणून मी कॉलेजचा खेळाडू. खरं तर धावायला गेलो होतो, पण भीतीपोटी पिस्तुलाच्या आधीच सुटायचो. तिसऱ्यांदा सुटलो तेव्हा खेळाचे सर म्हणाले, "भैताडा, तुले पळाची भल्ली घाई हाय ना? आता तू चालच."

अशी मला चालण्याची शर्यत मिळाली. तीत एक पाय कायम जमिनीवर लागतो, त्यामुळे कंबर अशी काही हलते की कुंपणाबाहेरचे म्हशीवाले थांबून शिट्ट्या मारत. सर ओरडत, "तुमच्या म्हशीले शिकवू का?" दोन वर्षांत एक कांस्यपदक मिळालं. शर्यतीत आम्ही चौघे होतो, त्यातला एक बाद झाला.

बारावीत नापास झालो आणि शिक्षण सुटलं. सरांनी एका जुन्या विद्यार्थ्याला फोन करून मला पार तामिळनाडूत, होसूरच्या गोदामात चिकटवलं. आज ताटात जे पडतं ते त्या फोनमुळे. हे बोलून दाखवलं की ते म्हणतात, "वजन किती झालं ते सांग."

दर रविवारी त्यांचा फोन येतो. यंदा तीन रविवार आला नाही. मी मनातल्या मनात त्यांची तिरडीही बांधून मोकळा झालो. मग त्यांच्या मुलीचा फोन आला. निवृत्तीनंतर सर अकोल्याला तिच्याकडेच असतात.

"भाऊ, बाबाचा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणते, आता चालले नाईत तर पाय आखडून जाईन. पण ते पलंगावरून उतरूनच नाई राह्यले. तुमी येता का?"

दोन गाड्या बदलून पोचलो. सर आत दारासमोरच्या पलंगावर होते. वॉकरवर टॉवेल वाळत होता.

"काहून आला बे? मेलो नाई मी."

"सर, दोन पावलं चालता का?"

"जिंदगीभर पोट्ट्यायले चालवलं. आता गल्लीनं पाहावं का, मी कसा लंगडून राह्यलो ते?"

सरांना उलट बोलायची मला सवयच नव्हती. काहीतरी करायचं म्हणून म्हणालो, "मी चालून दाखवू?" वाटलं, जुने दिवस आठवून त्यांना बरं वाटेल.

दारातून अंगणाच्या फाटकाकडे निघालो. कंबर हलली, पोट तिच्याहून जास्त हललं. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या.

"गुडघा!" मागून आवाज आला. "वाकून राह्यला तुहा! पाय टेकला का सरळ पायजे!"

घाबरून मी वेग वाढवला.

"दोनी पाय हवेत गेले! बाद! थांब बे!"

मागे लोखंड फरशीवर आपटलं. वळून पाहतो तर सर वॉकर धरून उंबरठ्यात. त्यांची मुलगी हात पुढे करून होती, पण त्यांना लावत नव्हती. कळेनं त्यांचा चेहरा काळवंडला होता, तरी शिव्या देत देत ते फाटकापर्यंत आले आणि माझ्या मांडीवर एक चापट हाणली.

"अगंबाई, सर चालून राह्यले!" काकू म्हणाल्या.

"चालून नाई राह्यलो, याले शिकवून राह्यलो."

मग फाटकाला धरून हळूच मला म्हणाले, "आता परत कसं जाचं? ऑटो सांग."

"सर, पलंगापर्यंत कोनताच ऑटो येनार नाई."

माझं हे पहिलं उलट उत्तर. सरांनी फाटक सोडून वॉकर धरला.

"मंग मांगून ये. पुढं नको होऊ, तुहं चालनं पाहून मले उलटी होईन."

मी मागून चाललो, पडले तर धरता येतील इतक्या जवळून. जोवर शिव्या चालू तोवर मला काळजी नव्हती, आणि त्या पलंगापर्यंत चालू होत्या.