माझ्या आणीबाणीचे एकोणचाळीस दिवस

तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. राष्ट्रपतीला आणीबाणी लावायची तर मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो, महिन्याच्या आत संसदेची मंजुरी लागते, आणि काही झालं तरी माणसाच्या जगण्याचा हक्क गोठवता येत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलं की वर्गातल्या पालीही माना डोलवायच्या. निवृत्तीनंतर अमडापूरच्या आमच्या चौदा घरांच्या वसाहतीचा अध्यक्ष झालो, आणि एका उन्हाळ्यात सगळं विसरलो.

त्या उन्हाळ्याचं काय सांगावं! कडुनिंबाची सावली स्वतः उठून आमच्या ओसरीत येऊन बसायची. नळ आटले, टँकर एक दिवसाआड. आमच्याकडची रीत अशी, की रांगेत पाण्याचा रिकामा गुंड, म्हणजे मोठी कळशी, ठेवला म्हणजे माणूस उभा असल्यासारखंच. पण एका घरानं अकरा गुंड मांडले, दुसऱ्यानं ते लाथाडले, आणि जी भांडी वाजली ती खामगावच्या लोकांनी ऐकली म्हणे. वसाहतीच्या नियमांत होतं: संकटात अध्यक्षानं एकट्यानं निर्णय घ्यावा, पण सात दिवसांत सगळ्यांची सभा बोलवावी. यातलं पहिलं अर्धं माझ्या बरोबर लक्षात राहिलं. मी फळ्यावर लिहिलं, ‘घरटी दोन गुंड. जो स्वतः उभा, त्यालाच पाणी.’

भांडणं थांबली, हे खरं. आणि खोटं कशाला बोलू, शिट्टी घेऊन रांगेपुढे फिरताना माझी छाती दर टँकरला बोटभर वाढायची. सातव्या दिवशी आमचा सचिव, पोस्टातून निवृत्त झालेला माझा जुना दोस्त, म्हणाला, "सभा कधी बे?"

"संकट गेलं का? मंग सभा काऊन?"

"संकट गेल्यावर कायची सभा घेतं? तुया सत्काराची?"

मी ते हसण्यावारी नेलं, आणि पुढचे बत्तीस दिवस नेत राहिलो.

शेवटच्या घरात एक निवृत्त नर्सबाई राहत. नवऱ्याला लकवा मारलेला. त्याला टाकून तासभर उन्हात उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. त्या दारी आल्या. "सर, तेवढा माया गुंड राहू द्या रांगेत. यांले घडीघडी कुशीवर वळवा लागते."

"वहिनी, एकाले सूट देली तं सारेच मागतीन," मी म्हणालो. तेही पोरांना समजावतात तशा गोड आवाजात.

पुढच्या टँकरला त्यांचा गुंड रांगेत होताच. मी तो याच हातांनी उचलून भिंतीशी ठेवला. मी आयुष्यभर वाढवून सांगत आलो. ही एकच गोष्ट कमी करून सांगावीशी वाटते. रांग एक पाऊल पुढे सरकली. मोजक्या दोन गुंडांतून शेजारी तरी काय देणार?

मग नवऱ्याचा डोळा लागला की त्या अर्ध्या कोसावरच्या हापशीवर जाऊ लागल्या. एकोणचाळिसाव्या दिवशी भरला गुंड घेऊन पडल्या. उजवं मनगट मोडलं. नवऱ्याला त्या वळवायच्या ते त्याच हातानं.

त्या संध्याकाळी मी सभा बोलावली. नवा नियम मीच मांडला: अध्यक्षाचा एकट्याचा हुकूम आठव्या दिवशी आपोआप संपेल, आणि आजाऱ्याच्या पाण्याला कुठलाच हुकूम हात लावणार नाही. तेरा घरांचे हात वर झाले.

"चौदावं मत?" सचिवानं विचारलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच जाय आणाले."

गेलो. बाई डाव्या हातानं नवऱ्याला पेज भरवत होत्या. मी नियम वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"चांगला हाये. लिहा, मंजूर." मी उठलो, तशा म्हणाल्या, "आलेच हा तं यांले जरा त्या कुशीवर करू लागा, सर."

मी वाकलो. त्यांचा नवरा सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. माणूस इतका हलका होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"दोन तासानं आखीन वळवा लागते," बाई म्हणाल्या.

दोन तासांनी पुन्हा गेलो. प्लास्टर निघेपर्यंत जात होतो. माफीचं वाक्य रोज घरून घोकून निघायचो, आणि रोज तसंच परत आणायचो.