शालनचा खोटा वॉर्ड

त्या दिवशी त्या खोलीत आम्ही पाच जन हुतो. नर्सिंगच्या पोरींस्नी शिकवनारी शालन, डॉक्टरकी शिकनारा ओंकार, नर्सिंगची रुपाली, औषधांचं शिकनारा साहिल, आनि खाटेवर पेशंट हून पडल्याली मी, हौसा. आता शालन न्हाय. महिना हून गेला.

मंगळवार पेठेत आमचं दाराला दार. माझं मालक दवाखान्यात गेलं, तवा शालन त्याच वॉर्डात नवी नर्स हुती. औषध चुकतंय हे एकाला कळलं हुतं, त्यानं दुसऱ्याला सांगितलंच न्हाय... मानूस गेलं. मी रडत बसले न्हाय. पोरं ल्हान हुती, दुसऱ्या दिवशी लोकांची धुनी धुवायला गेले. पर शालननं ते मनाला लावून घेतलं. म्हनायची, पोरांस्नी शिकवत्यात वेगवेगळ्या खोल्यांत आनि उभी करत्यात एकाच खाटेपाशी, मग बोलनार कशी? म्हनून कॉलेजात तिनं खोटा वॉर्ड मांडला आनि मला बोलवाया आली. "मावशी, पेशंट व्हायला या की." मी म्हनलं, "मराया नेतीस व्हय गं?" "मेल्यावर चा मिळंल की!"

मग त्या खाटेवर मी किती येळा मेले... शालन माझ्या तोंडावर पानी मारून घाम करायची. बाटल्यांत औषध न्हाय, साधं पानी. ऑक्सिजनची नळी भिंतीला नुसती अडकिवल्याली. मधीच न सांगता काय तरी घडवायची, कवा लाइट घालवंल, कवा नातेवाईक हून भांडंल. तिचा नेम एकच. चूक दिसली की बोला. न्हाय ऐकलं तर परत बोला. तरीबी न्हाय, तर हात धरा, मग डॉक्टर का असंना.

त्या दिवशी शालन भिंतीला टेकली, खाली बसली, मग आडवी झाली. कुनी घाबरलं न्हाय. साहिल हसला, "मॅडम आज सोताच पेशंट!" मलाबी तसंच वाटलं. मी मेल्यागत पडून ऱ्हायले. पोरांनी कामं वाटून घेतली. "ऑक्सिजन लाव." "लावला." "सुई भर." "भरली." इतकं झ्याक काम त्यांनी कवाच केलं न्हवतं... आनि त्या खोलीत एकबी वस्तू खरी न्हवती.

रुपालीचा हात शालनच्या मानंखाली गेला. "ओंकार, ह्यो घाम खरा हाय."

"नाटक हाय गं. मार्क जातील, चल."

"चिकट घाम हाय रे. खरा हाय."

"रुपे, डॉक्टर मी हाय का तू?"

तवा तिनं त्याचा हात धरला. सुई खाली पडली. ओंकारनं शालनची नाडी धरून बघितली... मग तिघं मिळून शालनला उचलून खऱ्या दवाखान्याकडं पळाली.

सांजच्याला शालन गेली. मोठं डॉक्टर म्हनलं, आधी आनली असती तरी वाचली असती का, सांगता येत न्हाय. परवा ओंकार घरी आलता. भाकरी खाल्ली आनि गेला. खोलीला कुलूप हाय. कॉलेजवाले खोली मोडनार म्हनत्यात, धोक्याची हाय.

हे वाचनाऱ्यास्नी माझं एकच सांगनं हाय. खोली मोडू नगा. फकस्त आत शिरायच्या आदी सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवा, त्यो कानावर पडला की नाटक थांबलं. आनि कुनीबी खाली पडलं, तर पयलं ते खरं हाय असंच धरा.