अळणी जीभ

मच्छिंद्र खेडकर सातवी नापास. पण बेडकाच्या आतड्याविषयी त्याच्याइतकं बोलणारा शिपाई नगरच्या त्या कॉलेजात दुसरा नव्हता, आणि खरं सांगायचं तर तसे प्राध्यापकही फार नव्हते. शरीरक्रियाशास्त्राच्या विजयमालाबाईंच्या हाताखाली तो काचेची भांडी धुवायचा आणि विहिरीतून बेडूक धरून आणायचा.

बाई आतड्याच्या अस्तराचा बोटभर तुकडा दोन काचेच्या कुप्यांच्या मधे ताणून बसवायच्या. दोन्हीकडे मिठाचं पाणी, आणि वीज मोजणारा एक काटा. मिठाचे कण पाण्यात विजेचा भार घेऊन फिरतात, अस्तरातल्या पेशींना त्यांच्यासाठी बारीक दारं असतात, आणि ती दारं कोण उघडतं यात बाईंची सहा वर्षं गेली होती. नुसत्या मिठावर काटा कसाबसा हलायचा. एका बाजूला चिमूटभर ग्लुकोज टाकलं की सरसर चढायचा. साखर मिठाला हाताला धरून आत नेते आणि मिठामागं पाणी जातं, असं बाई सांगायच्या. कॉलऱ्याचे रोगी असं पाणी पाजून वाचवल्याचं त्यांनी एकदा मासिकातून वाचूनही दाखवलं होतं. मात्र मीठ जास्त झालं तर तेच पाणी आतलं पाणी बाहेर ओढतं, एवढी ताकीद द्यायला त्या विसरत नसत. मच्छिंद्र गालात तंबाखू धरून मान डोलवायचा. तुझ्या जिभेचं कातडं झालंय, चहात मीठ घातलं तरी पिशील, असं बाई चिडून म्हणायच्या. तो हसायचा.

बहात्तर साली पाऊस पडला नाही आणि विहिरींबरोबर बेडूकही गेले. बाईंचा काटा दोन महिने जागचा हलला नाही. पाथर्डीच्या पलीकडे बहिणीच्या गावात एका विहिरीला पाणी आहे असं कळल्यावर मच्छिंद्र पत्र्याचा डबा घेऊन जानेवारीत एस.टी.त बसला. तो दुपारी पोचला आणि बेडकांचं नावसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही.

बहिणीची, लंकाबाईची, दोन वर्षांची बनू ओसरीत पडली होती. तीन दिवस जुलाब. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. पोर रडत होती, पण आवाज निघत नव्हता आणि डोळ्यांत टिपूस नव्हतं. मेहुणा ऊसतोडीला कोपरगावकडे गेलेला. एस.टी. आता सकाळीच. सकाळपर्यंत ही राहत नाही, हे मच्छिंद्रला पहिल्या नजरेतच कळलं.

घरात पोरीला पाणी द्यायचं नाही असं ठरलं होतं. वरून ओतलं तर खालून जाणारच, हे लंकाबाईच्या सासूचं, छबूबाईचं शास्त्र. त्याच्या जोडीला नवस होता. पोर बरी होईस्तोवर लंकाबाईनं मीठ सोडलं होतं. बरी झाली की शिंगणापूरला तेल घालायचं. म्हातारीनं तर मिठाची बरणीच शेजारी नेऊन दिली होती. शनीदेवापुढं बोललेला शब्द, उंबऱ्याच्या आत खडा यायचा नाही.

म्हणजे ज्या एका वस्तूनं पोर वाचली असती, नेमकी तीच या घरानं देवाला वाहून टाकली होती. मच्छिंद्रला रागही आला आणि रडूही आलं. म्हातारीशी भांडण्यात पोरीचा जीव जाईल म्हणून त्यानं वाद घातला नाही. शेजारून पानावर मीठ आणलं, घरातला गूळ मागून घेतला, पाणी उकळून निववलं आणि अंगणातच, लिंबाखाली, उंबऱ्याच्या बाहेर तांब्या मांडून बसला. म्हातारी दारात उभी राहून बघत होती.

गूळ विरघळवला. चिमूटभर मीठ टाकून चाखलं. चवच लागेना. आणखी एक चिमूट टाकली. तरी काही कळेना. तिसरी टाकली आणि मग त्याच्या ध्यानात आलं. वीस वर्षांच्या चुन्यानं त्याची जीभ केव्हाच मेली होती. पाणी अळणी आहे की जहर, हे त्याला कळतच नव्हतं. म्हातारी दिवसातून चार वेळा मिश्री लावायची, तिची जीभ तरी कुठं शाबूत? वाटीनं मोजावं तर बाईंनी प्रमाण त्याला कधी सांगितलं नव्हतं. भांडी धुणाऱ्याला कोण सांगतं? बाईंचं एकच वाक्य त्याला आठवत होतं. माणसाच्या आतल्या पाण्याची चव आसवांसारखी असते. पाजायचं पाणी त्याहून खारट नको.

त्यानं बहिणीकडं पाहिलं. तीन दिवस जिला मीठ शिवलं नव्हतं आणि तीन दिवस जी रडत होती, अशी जीभ अख्ख्या गावात एकच होती.

"लंके, तू चाखून सांग."

लंकाबाई मागं सरली. म्हातारी कडाडली, की शब्द मोडला तर पोर हातची जाईल, मग भाऊ भरून देणार हाय का. मच्छिंद्रला तरी कुठं खात्री होती? त्यानं जे पाहिलं होतं ते बेडकाच्या आतड्यात, काचेच्या कुपीत. पोर वेडावाकडा श्वास घेत होती.

लंकाबाईनं बनूच्या गालावरून बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं. ती उठली, अंगणात आली, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

"दादा, लई खारट हाय. आसवापरीस खारट."

हेच पाणी मच्छिंद्र पोरीला पाजायला निघाला होता. त्यानं पाणी वाढवलं, गूळ वाढवला. तिनं चाखलं, थुंकली, मान हलवली. पुन्हा वाढवलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "आता कमी हाय."

मग चमचा. पोरीनं पहिले तीन चमचे ओकून टाकले आणि म्हातारी म्हणाली, बघा. मच्छिंद्र थांबला, शंभर आकडे मोजले, पुन्हा एक चमचा. पुन्हा शंभर. जुलाब थांबला नव्हता, तरी तो देत राहिला. संशय आला की तांब्या बहिणीपुढं धरायचा, ती बोट बुडवायची आणि थुंकायची, एक थेंबही गिळायची नाही. ऊन लिंबावरून उतरून भिंतीवर गेलं. दुसरा तांब्या संपत आला तेव्हा छबूबाईच पुढं झाली आणि म्हणाली, "पाव्हणं, तुमचा हात भरून आला आसंल, द्या इकडं." चमचा तिनं घेतला.

दिवस बुडायच्या आत बनूनं लघवीनं आईचं लुगडं ओलं केलं. लंकाबाई ते ओलं लुगडं हातात धरून बसली. पोर भुकेनं चिडली, तोंड वाकडं केलं आणि आवाज काढून रडली. डाव्या डोळ्यातून एक थेंब निघून गालावर आला.

लंकाबाईनं तो बोटावर घेतला, जिभेला लावला आणि या वेळी थुंकली नाही.

"मीठ हाय," ती म्हणाली.

मच्छिंद्र लिंबामागं गेला, गालातला तंबाखू काढून टाकला आणि तोंड धुतलं.