सशाची बाटली

महाडला घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर काढलं, तेव्हा गिऱ्हाईक पटवायला माझ्याकडे एक हुकमी शब्द होता. टेस्टेड! बाई खुर्चीत बसून बाटलीकडे संशयाने बघायला लागली की मी म्हणायचे, "काही होत नाही हो, टेस्टेड माल आहे." कोर्टातल्या वकीलबाई असोत की बाजारच्या दिवशी खेड्यातून आलेली नवी सून, हा शब्द ऐकला की सगळ्या निवांत डोळे मिटायच्या. त्या शब्दाच्या आत काय आहे, हे मी कधी उघडून बघितलं नव्हतं.

बघितलं माझ्या पुतणीने. माझ्या थोरल्या दिरांची ही मुलगी पोलादपूरची. कॉलेजला एसटीने महाडला यायची, दुपारी माझ्याकडे जेवायची आणि जेवण झालं की माझ्याच खुर्चीत बसून डोक्याला तेल घालून घ्यायची. मला दोन मुलगे, दोघांनाही पार्लरच्या वासाने शिंका येतात. तेव्हा ही पोरगी माझीच, असं मी सोयीने धरून चाललेले. तिचं लग्न ठरलं तेव्हा नवरी कोण सजवणार हा प्रश्नच नव्हता. परक्या पोरी मी कितीतरी नटवून बोहल्यावर पाठवल्या होत्या, घरातली ही पहिली. त्या दिवसाची मी तिच्या आईपेक्षा जास्त वाट बघत होते, हे खरं सांगते.

लग्न सुखासुखी ठरलं नव्हतं. मुलगा तिच्याच कॉलेजातला, एमआयडीसीत नोकरीला, गुणी. पण त्याचा बाप! थोरल्या मुलाच्या लग्नात त्या माणसाने सोनं, गाडी, सगळं वाजवून घेतलेलं पंचक्रोशीला माहीत होतं. आमचे दीर अडून बसले. तेव्हा पुतणी म्हणाली, "घराणं नका बघू, मुलगा बघा." आणि बैठकीत त्या मुलाने सगळ्यांसमोर सांगितलं की मी काही घेणार नाही. बाप रागाने लाल झाला, पण चार माणसांत गप्प बसला. आम्ही साखर वाटली.

तर लग्नाच्या आदल्या महिन्यात मी तिच्यासमोर बाटल्या मांडल्या. नेलपेंट, फाउंडेशन, काजळ. "कुठलाही घे, सगळा टेस्टेड माल."

"कुणावर टेस्टेड, काकी?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने सांगितलं. सशांना मान अडकवून बसवतात आणि त्यांच्या डोळ्यांत हे असलं घालून बघतात, लाल होतात की फुटतात. तिने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि सायबर कॅफेत बसून खात्रीही करून घेतली होती. त्यांच्या पोलादपूरच्या घरी जिन्याखाली एक पांढरा ससा होता, मेथीच्या जुडीवर जगणारा, घरभर लेंड्या टाकणारा. ती म्हणाली, "मी त्याला रोज हाताने भरवते. त्याच हाताला हे लावून लग्नाला उभी राहू?"

मला राग आला. माझ्या सगळ्या धंद्यावरच तिने पाणी ओतलं असं वाटलं. "मग जा उघड्या नखांनी!" मी म्हणाले. तीही माझीच पुतणी, उठून चालती झाली. दुसऱ्या दिवशी जेवायला आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वर पोलादपूरहून जाऊबाईंचा फोन, "तुमचं दोघींचं जमत नसंल तर सांग बाय, पुण्यावरनं बाई बोलवायची हाय का ता बघते." पुण्याची बाई!

माझी समजूत घालायला शेजारच्या भाभी आल्या. त्यांचे मालक आखातात नोकरीला. सुट्टीवर येताना अत्तरं, साबण, नेलपेंट असं बॅग भरून आणायचे. नेलपेंटखाली पाणी जात नाही, नमाजाआधीचं हातपाय धुणं, वजू, होत नाही, म्हणून भाभी ते कधी लावत नसत. सगळ्या बाटल्या माझ्याकडे यायच्या. त्यांनी आपले हात माझ्यासमोर धरले. "माझी नखा बघ. मेंदीची हायेत. ह्यात ना ससा, ना कंपनी. पोरीलापण हीच लावू."

"मेंदीच लावायची तर मी पार्लर कशाला काढलं?" असं म्हणता म्हणता मी एकदम थांबले. ससा म्हटल्यावर मला काहीतरी आठवलं. भाभींनी मागे दिलेल्या बाटल्यांत एक होती, डाळिंबी रंगाची, सुरेख. तिच्यावर सशाचं छोटं चित्र होतं. आम्ही दोघींनी ते बघून नाक मुरडलेलं. आमचा हिशेब सरळ होता. तुपाच्या डब्यावर गाय असते, तेलाच्या बाटलीवर जास्वंद असते. चित्रात जे असतं ते आत असतं. तेव्हा या बाटलीत सशाची चरबी! भाभी म्हणाल्या होत्या, "हलाल केला का नाय, कुणाला ठावक." माझ्याकडे माळ घातलेल्या बायका यायच्या, मलाही ती नकोच होती. कपाटात मागे ढकलून दिलेली.

आता मी ती खोक्यासकट काढली आणि वकीलबाई भुवया करायला आल्या तेव्हा त्यांच्याकडून खोक्यावरचं इंग्रजी वाचून घेतलं. जनावरांवर तपासलेलं नाही, म्हणून ससा! काखेत कळसा आणि गावाला वळसा. भाभी आणि मी इतक्या हसलो की वकीलबाई एकच भुवई कोरलेल्या अवस्थेत आमच्याकडे बघत राहिल्या.

दुपारच्याच गाडीने मी पोलादपूर गाठलं. पुतणी ओटीवर सशाला भरवत होती. मी खोक्यासकट बाटली तिच्या हातात दिली. तिचा चेहरा असा उजळला की माझा सगळा राग तिथेच उतरला. पण शिकलेल्या पोरी खोकं उलटून वाचतात. तिने वाचलं आणि तिचा चेहरा पुन्हा पडला. "काकी, ही कंपनी चांगली होती. पण हिला आता एका मोठ्या कंपनीने विकत घेतलंय. खाली नाव आहे बघ. ते अजून सशांवर करतात."

"अगं, पण ही बाटली तर नाही ना तशी?"

"ही नाही. पण पैसा जातो वर, त्यांच्याच घरात."

आतून जाऊबाई ओरडल्या, "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाय पण गुण लागला! आता लागंलच तिलापण." बाटलीची बाजू घेणारी त्या घरात मी एकटीच. मी म्हणाले, "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये."

"का नाही विचारायचं?" पुतणी म्हणाली. "आपल्या सावित्रीचं मूळ सगळ्यांना ठाऊक आहे, वर महाबळेश्वरला. विचारलं की कळतं."

माझी जीभ काही ताब्यात राहिली नाही. "मोठी आलीस मूळ विचारणारी! मुलगा चांगला म्हणून त्याच्या बापाकडे कानाडोळा केलास ना? मग या बाटलीच्याच बापाचं काय घेऊन बसलीस?"

जाऊबाई दारात येऊन उभ्या. मला वाटलं, झालं, पोरीला लागलं, आता पुण्याची बाई नक्की. पुतणीने सशाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कानाडोळा नाही केला. त्याला विचारलं, बापासमोर बोलशील का? तो बोलला. मग हो म्हटलं." मग बाटली उन्हात धरून बराच वेळ बघत राहिली. "ही पण तशीच आहे गं काकी. त्या घरात राहून हिने आपला ससा सोडला नाही. हिला कुणी घेतलंच नाही, तर त्या मोठ्यांना वाटेल, बरं झालं, पुसून टाका ससा."

"म्हणजे लावणार?"

"लावते. पण ज्या दिवशी ससा पुसला जाईल त्या दिवशी बंद. आणि बाकीचं सगळं तू विचारून आणायचं."

विचारलं. महाडच्या होलसेलवाल्याच्या डोक्याला मी इतका ताप दिला की मला लांबून बघितलं की तो पोऱ्याला पुढे करून आत जायचा. भाभींनी मालकांना फोनवर कामाला लावलं, त्यांनी तिथल्या दुकानदाराला. भाभींना मात्र ती बाटली लावणं शेवटपर्यंत पटलं नाही. "घर वायट ता घर वायट," असं त्या तळहातावर मेंदी काढताना पुतणीला तोंडावर म्हणाल्या, आणि मेंदी मात्र अशी काढली की बायका हात सोडेनात. काजळ मी घरच्या तुपावर धरलं. नखं डाळिंबी रंगवली, एकेक बोट माझ्या हातात घेऊन. तिचे हात गार पडलेले होते. त्या घरात जायची तिला भीती वाटत होती आणि ती मला एकटीलाच कळत होती. तेव्हा मी फार सुखात होते आणि रडतही होते.

त्या मोठ्या कंपनीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. बाटलीवर ससा अजून आहे, एवढं मी दर खेपेला बघून घेते. आता महाडच्या पोरीच खुर्चीत बसल्या बसल्या विचारतात, "काकी, सशाची हाय ना?"

पुतणीच्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं, त्या बैठकीला मीही होते. मुलीच्या बापाने घसा खाकरून देण्याघेण्याचा विषय काढला. पुतणीचे सासरे मांडी घालून ताठ बसले होते. त्यांनी हात वर केला आणि सात पिढ्यांची रीत सांगावी तशा आवाजात म्हणाले, "तेवढा सोडून बोला. आमच्या घरात घेत नाय."

मी आतल्या दाराकडे बघितलं. पुतणी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. नखं डाळिंबी, आणि हसू दाबायला खालचा ओठ दातांत धरलेला.